यादीबाहेरचे गळे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीचे विंटर टायर काढले. लोकांच्या आठवणीत शेवटी देवदर्शन असतं, समुद्रकिनारा असतो, हातात हात असतो. आमच्या हातांना काळं तेल होतं. कॅनडातल्या विंडसरला एप्रिल संपत आला होता, बर्फ जाऊन ड्राइव्हवेच्या कडेला त्यावर टाकलेलं मळकं मीठ तेवढं उरलं होतं आणि मी जॅक लावून खाली बसलो होतो. ती प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मांडीत स्टीलची वाटी घेऊन. मी नट सोडवून द्यायचा, तिने वाटीत टाकायचा. सगळं आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात पत्रा ठोकण्यात गेलं. टायर बदलायला मी गॅरेजवाल्याकडे गेलो असतो तर कारखान्यातल्या दोस्तांनी तोंड दाखवायला जागा ठेवली नसती.

"अहो, कंबर धरली ना, तर मी उचलणार नाही," ती म्हणाली.

"तू कधी उचललंयस?"

"लग्न झाल्यापासून दुसरं काय करतेय?"

तिचं लक्ष नटांकडे नव्हतं. एक नट वाटीबाहेर पडला, घरंगळत शेजाऱ्याच्या गवतात गेला, तरी तिला पत्ता नाही.

"दोन वाजता मीटिंग आहे," ती म्हणाली. "आज डॉक्टर पेट्यांचा विषय काढणार."

"काढू दे. पेट्या आपल्या बेसमेंटमध्ये आहेत."

"पेट्या आपल्या. विमान आपलं नाही."

मी गवतात हात घालून नट शोधत होतो. ते आमचं शेवटचं सुखाचं बोलणं. सुखाचं असतं तेव्हा कळत नाही, हे सगळे सांगतात. मला कळलं असतं तरी मी नटच शोधला असता.

कसल्या पेट्या, ते सांगायला पाहिजे.

माझी बायको नर्स. ती कॅनडात नर्स म्हणून आली आणि मी तिचं सामान म्हणून. त्या काळात इथे आलेले आपले लोक म्हणजे डॉक्टर, इंजिनियर, प्रोफेसर. मंडळाच्या कार्यक्रमात विचारायचे, "आपण काय करता?" मी सांगायचो, "पत्रा ठोकतो." मग ते माझ्या बायकोशी बोलायचे. माझी शाळा चौथीत सुटली. पुढे शाळेने मला शोधलं नाही आणि मीही शाळेला त्रास दिला नाही.

रिटायर झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. ही गेली पॅसिफिक महासागरात.

ओकव्हिलला एक डॉक्टर राहतात. आपलेच, मूळचे पुण्याचे, गळ्यातल्या ग्रंथीचे मोठे तज्ज्ञ. रिटायर झाल्यावर गोल्फ जमेना म्हणून की काय, त्यांनी रिटायर्ड डॉक्टर-नर्सांची एक टीम काढली. दरवर्षी एकदा, स्वतःच्या खर्चाने, एका बेटावर जायचं आणि लोकांचे गळे तपासायचे. बेटाचं नाव मी लिहीत नाही. त्या लोकांची नावं इतक्या कागदांवर लिहून झाली आहेत की आणखी एका कागदाची त्यांना गरज नाही.

मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या देशाने त्या समुद्रात बॉम्ब फोडून बघितला. फुटतो का ते बघायचं होतं. फुटला. वारा उलट्या दिशेने निघाला, असं नंतर सांगितलं. म्हणजे चूक वाऱ्याची. बेटावर पांढरी राख पडली. पोरं तिच्यात खेळली, केसांना चोळली, एकमेकांच्या अंगावर उडवली. मग बोट आली आणि माणसांना उचलून दुसरीकडे नेलं. काही वर्षांनी सांगितलं, जा आता घरी, सगळं ठीक आहे. लोक घरी गेले. तिथलाच नारळ खाल्ला, तिथलेच खेकडे खाल्ले. मग गळ्यांत गाठी यायला लागल्या. मोठ्या देशाला वाईट वाटलं असणार, कारण त्याने दरवर्षी डॉक्टर पाठवायला सुरुवात केली. डॉक्टर यायचे, रक्त काढायचे, फोटो काढायचे, मोजमाप घ्यायचे आणि जायचे. एवढी मापं घेतल्यावर शिंप्याने निदान सदरा तरी दिला असता.

त्यांनी एक यादी केली. राख पडली त्या दिवशी बेटावर होते ते यादीत. नव्हते ते बाहेर. सरळ काम, रेशनकार्डासारखं. अडचण एवढीच की नारळाला यादी वाचता येत नव्हती. परत आलेल्या सगळ्यांनी तो सारखाच खाल्ला.

गाठ आली की गळा उघडून ती ग्रंथी काढतात. ती काढली की रोज सकाळी एक बारकी गोळी, मरेपर्यंत. गोळी मिळाली नाही तर माणूस पटकन मरत नाही. पटकन मेला असता तर पेपरात तरी आला असता. तो मंद होतो. सुजतो. भर उन्हात त्याला थंडी वाजते, जीभ जड होते, केस जातात, हृदयाला कंटाळा येतो. बायको म्हणायची, "फुंकर न मारता विझत जातो हो माणूस."

डॉक्टरांची टीम गोळ्या न्यायची, पण जुन्या यादीप्रमाणे. यादी तयार होती, मग नवी करायचे कष्ट कोण घेणार?

मी त्या बेटावर दोन वेळा गेलो. टीमला फुकटात जनरेटर दुरुस्त करणारा माणूस पाहिजे होता आणि बायकोला पेट्या उचलणारा. दोन्ही जागांसाठी मीच पास झालो. मोठ्या विमानांचं मला काही वाटलं नाही, पण शेवटच्या टप्प्याचं विमान म्हणजे पंख लावलेली रिक्षा. चढायच्या आधी सामानाबरोबर माणसालाही काट्यावर उभं करतात आणि वजन सगळ्यांदेखत मोठ्याने वाचतात. आमच्या टीममधल्या एका जाड्या गोऱ्या डॉक्टरने तेवढ्यासाठी जेवण सोडलं होतं. माझी बायको काट्यावर उभी राहिली की वजन वाचणारा हसायचा. म्हणायचा, "बॅग ठेव खाली." ती सांगायची, "बॅग घेतलेलीच नाही."

बेटावरच्या शाळेत क्लिनिक लागायचं. बाकावर म्हाताऱ्या बायका मान वर करून ओळीने बसायच्या, न्हाव्याकडे बसावं तशा. बायको एकेकीच्या हातात पाण्याचा पेला द्यायची आणि स्वतःची बोटं तिच्या गळ्यावर ठेवायची. "गिळ," म्हणायची. पाणी खाली जायचं, गळा वर सरकायचा, तिच्या बोटांना जे कळायचं ते कळायचं. डॉक्टर शेजारच्या वर्गात गेल्या वर्षीच्या रक्ताचे आकडे बघत बसायचे.

एका सकाळी ते आकडे घेऊन बाहेर आले. "वहिनी, हे लोक गोळ्याच घेत नाहीत. नॉन-कम्प्लायंट." हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बायकोला अर्थ विचारला. ती म्हणाली, "सांगितलेलं न ऐकणारा." म्हटलं, म्हणजे मी.

बेटाची आरोग्यसेविका तिथेच उभी होती. माझ्या बायकोच्याच वयाची, अंगाने थोराड, गळ्यावर ऑपरेशनचा व्रण आडवा, घट्ट ठुशी घातल्यासारखा. तिचं इंग्रजी मोडकं होतं. माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. ती डॉक्टरांना म्हणाली, "दरवर्षी आमचं रक्त नेता. एवढं रक्त तिकडे करता काय? पिता?"

डॉक्टर हसले. ती हसली नाही. बाहेर गेली आणि एका बाईला हाताला धरून घेऊन आली. चेहरा सुजलेला, डोळे अर्धे मिटलेले, त्या उकाड्यात अंगाभोवती चादर. गळ्यावर तसाच व्रण.

"ही माझी धाकटी बहीण. राख पडली तेव्हा मावशीकडे गेली होती, दुसऱ्या बेटावर. तुमचे कागद म्हणतात, मावशीने हिला वाचवलं. मग हिचा गळा कोणी कापला?"

"ही लिस्टवर नाही," डॉक्टर म्हणाले.

"तुझ्या लिस्टवर नाही. माझ्या आहे." तिने खिशातून गोळी काढली, दातांनी तोडली, अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली आणि अर्धी बहिणीच्या. आमच्यासमोर. "हे रोजचं. प्रत्येक घरात. झालं तुमच्या आकड्यांचं समाधान?"

"असं करायचं नसतं. दोघींचा डोस बिघडतो."

"डॉक्टर, तुला बहीण आहे?"

"आहे. नागपूरला."

"ती उपाशी बसली तर तू सगळा भात खातोस?"

डॉक्टर वाईट माणूस नाही. तो आकड्यांकडे बघत राहिला. आकड्यांना बहीण नसते, म्हणून डॉक्टर लोकांना ते आवडत असावेत.

त्या आरोग्यसेविकेने नंतर मला कॅनडा कसा असतो ते विचारलं. फोनवर आमच्या ड्राइव्हवेचा व्हिडिओ होता, मी फावड्याने वाट साफ करतोय आणि शेजाऱ्यांची नातवंडं बर्फात लोळतायत. तिने फोन जवळ धरून बघितला, परत लावायला सांगितला. मग म्हणाली, "असंच पडलं होतं." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही पोरांना यात सोडता?" मी सांगितलं, हे नुसतं पाणी आहे. तिने मान हलवली. पाण्यावर विश्वास ठेवायला ती काही कॅनडात जन्मली नव्हती.

त्या वर्षापासून बायकोने दुप्पट गोळ्या न्यायला सुरुवात केली. ओळखीच्या फार्मसीवाल्यांच्या मागे लागायची, जुन्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या सह्या घ्यायची, चर्चच्या बायकांकडून वर्गणीचे डबे भरून घ्यायची. बेसमेंटमध्ये चार पेट्या व्हायच्या. दोन यादीच्या. दोन यादीबाहेरच्यांच्या. टीममध्ये त्या दोन पेट्यांना "वहिनींचं एक्स्ट्रा" म्हणायचे, जसं काही ही वाटेत खायला चकल्या नेत होती. पुढच्या वर्षी रक्ताचे आकडे सुधारले. डॉक्टरांनी टीमचं अभिनंदन केलं. धाकट्या बहिणीने चादर सोडली होती. ती बाकावर बसून बायकोच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी इतक्या हसल्या की क्लिनिक थांबलं. काय बोलली ते बायकोने मला कधी सांगितलं नाही. माझ्याबद्दलच असणार.

मग कोविड आला. विमान बंद, बोटी बंद, सगळं बंद. पेट्या बेसमेंटमध्ये राहिल्या, गोळ्यांची तारीख उलटून गेली. बायको फोन लावायची. कधी लागायचा, कधी नुसता समुद्र ऐकू यायचा. बेटावर परत अर्धी-अर्धी सुरू झाली. मग पाव. यादीबाहेरची एक म्हातारी गेली, तिच्या घरचे म्हणाले, नुसती बसून बसून गेली. धाकट्या बहिणीने परत चादर घेतली. परत विमानं सुरू झाल्यावर बायको पहिल्या टीमबरोबर गेली, तेव्हा त्या बहिणीने तिला ओळखलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, मग काही महिन्यांनी फोनवर ओळख दिली. तेव्हापासून बायको एकच गोष्ट घोकायची, या बायकांचं एक वर्षही चुकायचं नाही. आणखी एक चुकलं तर ती बहीण वाचत नाही.

या वर्षी जूनमध्ये आम्हा दोघांना जायचं होतं. आणि या वर्षी मशीन आलं.

जेवण झालं, दोन वाजता तिने डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला. मी शेजारी बसून शेंगा सोलत होतो. पडद्यावर चौकोनाचौकोनांत रिटायर्ड डॉक्टर. एकाचं फक्त कपाळ, एकाचा पंखा. पहिला बराच वेळ "यू आर ऑन म्यूट" यात गेला. एवढं शिकलेले लोक, पण तोंड कुठून उघडायचं ते यांना दर मीटिंगला नव्याने शिकवावं लागतं.

इंग्रजी कामकाज झालं आणि मग डॉक्टर मराठीवर आले. म्हणजे आता नाही म्हणणार.

"वहिनी, हे अल्ट्रासाऊंड मशीन फार मोठी गोष्ट आहे. गाठ परत आली तर मिलिमीटरमध्ये दिसेल. त्यावर रिसर्च पेपर होईल. पेपर झाला की फंडिंग. फंडिंग आलं की मग सगळ्यांनाच गोळ्या."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत लिस्ट. मशीन, बॅटऱ्या, त्याच्या केसेस... वजन, वहिनी. तो पायलट ऐकत नाही. तुमचं एक्स्ट्रा या वर्षी राहू दे."

"डॉक्टर, मशीन न्या. मी नको म्हणत नाही. कुणाची गाठ परत आली तर कळलंच पाहिजे. पण त्या बहिणीच्या गळ्याला मशीन लावून तुम्हाला काय दिसणार, ते मी इथून सांगते. गळा दिसेल. आत काही नसेल. काढलंय ते."

मला हसू आलं, शेंग घशात अडकली. तिने माझ्याकडे न बघता पाण्याचा पेला पुढे केला.

"तसं नाही हो वहिनी..."

"कसं आहे मग? एक वर्ष म्हणजे तिच्यासाठी काय, ते तुम्ही बघितलंय. तिने मला ओळखलं नव्हतं. तुम्ही शेजारीच होता."

कपाळवाले कपाळ चोळू लागले. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या रविवारी फायनल करू." फायनल झालेलंच होतं, पुढच्या रविवारी फक्त ते दुखायचं थांबणार होतं.

तिने लॅपटॉप मिटला. "चहा टाका," म्हणाली. "आलं किसू नका, ठेचा."

मी आलं ठेचलं. चहा घेऊन आलो तर ती खुर्चीत तशीच बसलेली, मान एका बाजूला, हात लॅपटॉपवर. मी म्हटलं, "अगं, चहा." मग परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, कप ठेवला आणि अँब्युलन्सला फोन केला.

कॅनडात औषधपाणी फुकट आहे, फक्त थांबावं लागतं. माझ्या गुडघ्यासाठी मी एवढा थांबलो की कुठला गुडघा ते विसरलो. त्या दिवशी अँब्युलन्स लगेच आली. हॉस्पिटलात आम्हाला कोणी थांबायला सांगितलं नाही. सगळी दारं पुढच्या पुढे उघडत गेली. तेव्हाच मला कळलं. बाहेर एक तरुण डॉक्टरीण आली, माझ्याशी बोलायला गुडघ्यांवर बसली. इथे डॉक्टर तुमच्यासमोर गुडघ्यांवर बसला की समजायचं. तिने काही सांगायच्या आधी मी विचारलं, "हृदय?" ती हो म्हणाली. मी म्हटलं, मी बरोबर उत्तर दिलं, आता घरी सोडा आम्हाला. माझं मराठी तिला कळलं नाही आणि तिने माझा हात धरला.

मुलगी ब्रॉसार्डला असते, दिवसभराच्या गाडीच्या अंतरावर. तिला फोन केला. ती आधी इंग्रजीत रडली, मग फ्रेंचमध्ये नवऱ्याला काही सांगितलं, मग म्हणाली, "बाबा, आय ॲम लीव्हिंग राइट नाऊ." म्हटलं, अंधारात गाडी हाकू नकोस, पहाटे निघ. एका दिवसात एक पुरे.

फ्युनरल होमवाल्याने गुरुवारची वेळ दिली. इथे माणसाला जाळायलाही अपॉइंटमेंट लागते. "सकाळची की दुपारची आवडेल?" असं तो फार गोड आवाजात म्हणाला, मी केस कापायला निघाल्यासारखं. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर पहिल्याने "ॐ शांती" टाकलं, बाकीच्यांनी त्याचंच कॉपी केलं. एकाने चुकून केकचं चित्र टाकलं आणि लगेच काढलं. मला त्या सगळ्यात तेवढंच खरं वाटलं. दोन बायका पिठलं-भात घेऊन आल्या, कारण सुतकाच्या घरात चूल पेटवायची नसते. त्यांनी बघितलं, चहाचं भांडं गॅसवर तसंच होतं. एकीने ते घासून ठेवलं. मी नको म्हणणार होतो, पण तिचं घासूनही झालं होतं.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. रडत होते, खरं रडत होते. म्हणाले, "भाऊ, दुपारी तर बोललो हो आम्ही." मी बरं म्हटलं. म्हणाले, "मशीनला वहिनींचं नाव देतो. छान पितळी पट्टी लावू." मी बरं म्हटलं. म्हणाले, "तुम्हीही आता येणार नाही, मी समजू शकतो. तुमच्या दोन जागांवर मशीन चालवायला टेक्निशियन आणि बाकीचं सामान घेता येईल. काळजी करू नका." मी बरं म्हटलं. त्या दिवशी मी सगळ्यांना बरंच म्हणत होतो. फोन ठेवल्यावर मला कळलं की मी कशाला बरं म्हटलं.

सकाळी उठलो. झोपलो होतो असं नाही, पण उठलो. तिची बाजू बघितली नाही. खाली बेसमेंटमध्ये गेलो आणि चारही पेट्या एकेक करून वर आणल्या. कंबरेने मधेच तिच्यासारखंच बोलून घेतलं. पेट्या ट्रंकमध्ये टाकल्या आणि ४०१ हायवेला लागलो.

चॅटम मागे टाकलं तेव्हा मुलीचा फोन आला.

"बाबा, आय जस्ट क्रॉस्ड कॉर्नवॉल. हाऊ आर यू? डिड यू ईट?"

"गाडीत आहे. ओकव्हिलला चाललोय."

"व्हॉट? बाबा, आर यू क्रेझी? फ्युनरल होम माइट कॉल!"

"करू दे. आई कुठे जात नाही."

ती परत रडायला लागली. मी म्हटलं, रडताना लेन बदलू नकोस. दुसरं काय सांगणार?

डॉक्टरांचं घर तळ्याजवळ. दारापुढे एवढी फुलझाडं की आपण चुकून लग्नाला आलो असं वाटावं. बेल वाजवली आणि दोन पायऱ्या मागे होऊन उभा राहिलो. त्यांच्या बायकोने दार उघडलं. देवपूजा अर्धी टाकून आलेली, बोटांना गंध.

"अगं बाई! अहो, तुम्ही? आज? सुतकात?"

"म्हणून तर आत येत नाही. डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर हातात कॉफी घेऊन आले. माझ्याकडे बघितलं, पोर्चवर एकावर एक रचलेल्या पेट्यांकडे बघितलं. कॉफी कठड्यावर ठेवली.

"भाऊ, आत या आधी. बसा."

"सुतक आहे. तुमच्या देवांना नको बाधा. बाथरूमचा काटा आहे ना घरात? तो आणा."

"काटा?"

"वजनाचा. तुम्ही वजनाचं म्हणाला होतात."

त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यांच्या बायकोला तसं वाटलं नाही. ती आत गेली आणि काचेचा काटा घेऊन आली, पोर्चच्या फरशीवर ठेवला. मी वरच्या दोन पेट्या त्यावर ठेवल्या. आकडा आला. तिघांनी वाकून बघितला.

"एवढंच आहे तिचं एक्स्ट्रा," मी म्हटलं. "ती स्वतः याच्या दुप्पट होती. तिच्या अंगाला पायलटने कधी हरकत घेतली नाही. तिची जागा रिकामी झालीये ना? त्या जागेवर ह्या बसतील. उरलेल्या वजनात तुमच्या बॅटऱ्या घ्या."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. त्या माणसाजवळ उत्तरं पुष्कळ होती, ती मला त्याच्या तोंडावर दिसत होती, एकामागे एक. फक्त काल बायको गेलेल्या माणसाला ती पोर्चवर उभं करून सांगायची कशी, हे त्याला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. मला ते माहीत होतं. त्यासाठीच मी सकाळी आलो होतो. महिन्याभराने आलो असतो तर त्याने मला मीटिंगला बोलावलं असतं.

"टेक्निशियनला हो म्हटलंय मी," शेवटी ते म्हणाले.

"मग दुसऱ्या कुणाला नाही म्हणा. त्या जाड्याला म्हणा. उपास वाचेल त्याचा."

"पण भाऊ, लिस्टबाहेरच्या बायकांना वाटणार कोण? ते सगळं वहिनींना तोंडपाठ होतं. कोण कुठल्या घरात..."

"मी."

"तुम्ही येणार?"

"माझी जागा मी सोडलेली नाही. काल तुम्ही सोडलीत. तेराव्यानंतर मला काही काम नाही. घरं मला माहीत नाहीत, पण ती थोराड बाई आहे ना, ती फिरवेल मला. रक्त पिणारे म्हणून दोन शिव्या देईल, ते मी ऐकून घेईन."

डॉक्टर पायरीवर बसले. म्हाताऱ्या माणसाने बसावं तसे, कठड्याला धरून. मला पहिल्यांदा दिसलं की ते माझ्याहून म्हातारे आहेत.

"ती बहीण," ते म्हणाले. "वहिनींनी काल म्हटलं ते... मी शेजारीच होतो. मला आठवतं."

"मग झालं तर."

"पट्टी तरी लावू द्या."

"पट्टी लावू नका. ती आयुष्यभर कशाच्या अंगावर नाव टाकून फिरली नाही. मशीनवर तुमचंच नाव टाका, ते पेपरवाल्यांना वाचता येईल."

ते त्याला लागलं, आणि लागावं असंच मला वाटत होतं. त्यांच्या बायकोने आमच्या दोघांकडे बघितलं, मग पदर खोचला आणि वरची पेटी उचलली.

"अहो, शिवू नका," मी म्हटलं. "सुतकातली आहे."

"शिवले. आता आंघोळ करीन." ती पेटी घेऊन आत गेली. आतून म्हणाली, "अहो, बसलात काय? दुसरी आणा की!"

डॉक्टर उठले आणि दुसरी पेटी उचलली. मग तिसरी. चौथी मी उंबऱ्यापर्यंत नेऊन ठेवली. ती आतून डबा घेऊन आली, उपमा असावा, आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला, हातात दिला नाही. सुतक म्हणून नाही. हातात दिला असता तर मी घेतला नसता, हे तिला कळलं होतं.

मी गाडी वळवली. मुलीला फोन लावला, म्हटलं, मी घरी निघालो, तू कुठे थांबू नकोस. परतीच्या वाटेत लंडनच्या, म्हणजे कॅनडातल्या लंडनच्या, अलीकडे ट्रक उलटला होता आणि आम्ही सगळे एका ओळीत उभे. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, शेजारच्या गाडीतला माणूस दाढी करत होता. बायको गेली म्हणून ४०१ वर कोणी पुढे जाऊ देत नाही. मी तिथे उभ्या उभ्या डबा उघडला आणि उपमा खाल्ला.